सात निमुळते पिस्टन

निवृत्तीनंतर आमच्याकडच्या बायका चारधाम करतात, नातवंडं सांभाळायला पुण्याला जातात, नाही तर एखादं भजनी मंडळ धरतात. मी धातू खरादायचा लेथ घेतला. तोही जुना, दुसऱ्यानं वापरून झालेला. माझ्या जावेला आधी वाटलं, मी नवीन पद्धतीची घरघंटीच आणते आहे. पिकअपमधून तो उतरवायला चार माणसं लागली तेव्हा तिचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

मी तीस-बत्तीस वर्षं मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. शिकवायची हिंदीत, रागवायची मराठीत. उष्णतेचा धडा आला की फळ्यावर वाफेचं इंजिन काढायची. सिलिंडर, त्यात पिस्टन, पुढे दांडा, दांड्याला क्रँक आणि मोठं चाक. आकृती इतकी सुबक यायची की शेजारच्या वर्गातली मुलं दारातून डोकवायची. पण ते इंजिन मी कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. लहानपणी सौसरला छोट्या लाईनची गाडी यायची, तिचं बुटकं काळं इंजिन रोज पाहिलं, पण बाहेरून. आत काय घडतं ते पुस्तकातून घेतलं आणि खडूनं पुढे दिलं. एकदा तरी ते आपल्या हातानं बनवून चालताना पाहावं, असं फार वर्षं मनात होतं.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझा उजवा हात कापायला लागला होता.

पहिल्यांदा ते मला दिसलं नाही, ऐकू आलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका सकाळी मी फळ्यावर आकृती काढत होते. वर्ग उतरवून घेण्यात गुंग, म्हणून गप्प. त्या शांततेत माझ्याच हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. मी थांबले की थांबायच्या, खडू टेकवला की पुन्हा सुरू. मी आकृती तशीच अर्धवट सोडली, उरलेली तोंडी सांगितली आणि खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर फळ्यावर लिहायचं काम मी एखाद्या मुलीला द्यायला लागले. सगळ्यांना वाटलं, मॅडम आता मुलांना पुढे आणतात.

आईचे हात माझ्या चांगले लक्षात होते. तिला कंपवात झाला होता. आधी मांडीवर ठेवलेला हात आपोआप हलायचा, बोटं गोळी वळल्यासारखी चाळवायची. मग चाल बारीक झाली, मग आवाज. शेवटी शेवटी मी आणि मोहगावला दिलेली माझी धाकटी बहीण, आम्ही दोघी आळीपाळीनं तिला घास भरवायचो. आई घास घ्यायची आणि दुसरीकडे पाहायची, आमच्याकडे नाही. त्यामुळे माझ्या बांगड्या वाजल्या तेव्हा मला काही विचारायचं उरलंच नव्हतं. आईचं माझ्याकडे आलं, एवढंच मी स्वतःशी म्हटलं.

शिकलेल्या बाईनं उठून नागपूरला डॉक्टर गाठायला हवा होता. मी नाही गेले. डॉक्टर तेच नाव उच्चारेल आणि मग ते परत घेता येणार नाही, ही भीती होती. त्यापेक्षा मी मनाशी एक सौदा केला. हाताला अगदी बारीक काम द्यायचं. जमलं, तर हात ठीक आहे. नाही जमलं, तर काय ते समजायचं. आज मला या शहाणपणाचा राग येतो, पण तेव्हा तोच मला मोठा शास्त्रीय प्रयोग वाटला होता.

लेथ मिळाला सौसरमध्ये. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं वर्कशॉप होतं. जन्मभर त्यानं मोटारपंपांचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरच्या बुशा खरादून दिल्या. मुलगा मोबाईल विकण्यात रमला, मिस्त्रीचे गुडघे गेले, आणि दोन लेथपैकी धाकटा तो भंगारात घालायला निघाला होता.

"ह्याच्यावर काय करसान मॅडम तुम्ही?" त्यानं विचारलं.

"इंजिन."

"कशाचं?"

"वाफेचं. एवढंसं," मी टिफिनच्या डब्याएवढी उंची दाखवली.

तो हसला नाही, हे मला फार आवडलं. त्यानं तुकडा पकडून फिरवणारा चक कसा उघडायचा, कापायचं टूल किती उंचीवर धरायचं, तेल कुठे सोडायचं, सगळं दोनदा दाखवलं. मग माझ्या हातांकडे बोट करून म्हणाला, "एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ह्याच्यापुढं उभं राहासान तवा पदर नाही, ओढणी नाही, बांगडी नाही. मशीन काही बाईमाणूस पाहत नसते. धरलं का ओढते."

घरी जावेला हे कळलं तेव्हा तिनं नाक मुरडलं. चांगला धडधाकट नवरा असताना बाईनं मोकळ्या मनगटानं दिवसभर उभं राहायचं, हे तिला अशुभ वाटत होतं. मी म्हटलं, मनगट तुटण्यापेक्षा मोकळं बरं. रोज सकाळी शेडच्या दाराशी बांगड्या काढायच्या, खिळ्याला अडकवायच्या आणि जुना कुर्ता घालून आत शिरायचं. तिच्यापाशी एवढी भांडले, पण तो नियम मला मनातून सुखाचाच होता. बांगड्या नसल्या की हात वाजत नाही.

शेड आमची संत्र्याची. आमच्या ह्यांची पांढुर्ण्याबाहेर बाग आहे आणि बागेच्या तोंडाशीच माल निवडायला, धुवायला आणि पेट्या भरायला शेड बांधलेली आहे. बहार संपल्यामुळे ती रिकामी होती. लेथ एका कोपऱ्यात ठेवला. ह्यांनी स्वतः खाली चार बोल्ट गाडले, दोन पायांखाली पेटीच्या फळ्यांचे तुकडे सारले, पान्याला वरून लोखंडी पाइप घातला आणि सगळं वजन टाकून नट असे आवळले की कपाळाची शीर वर आली.

"आता भूकंप आला तरी हलत नाही," ते म्हणाले.

पहिला महिना फार आनंदात गेला. पितळेचा गज चकात धरायचा, टूल टेकवायचं आणि सोनेरी किसाच्या कुरळ्या बटा खाली पडताना पाहायच्या. मला टूलची उंची कळायला आठवडा लागला. तोवर तुकडे चावल्यासारखे निघायचे. दोन टूलं मोडली. एकदा चकाची चावी तशीच लावून मशीन चालू करणार होते, ह्यांनी आरडाओरडा केला म्हणून वाचले. तेव्हापासून चावी सोडेपर्यंत दुसरा हात स्विचकडे न्यायचा नाही, असा नियमच केला.

इंजिन मी सगळ्यात सोपं निवडलं होतं. त्याला वेगळ्या झडपा नसतात. सिलिंडर स्वतःच एका खिळीवर डुलतो आणि डुलता डुलता वाफेची भोकं उघडतो, झाकतो. आधी चाक झालं. मग क्रँक. मग उभी पट्टी. सिलिंडरचं भोक आधी ड्रिलनं पाडलं आणि शेवटी रीमर फिरवून सरळ, गुळगुळीत केलं. राहिला पिस्टन. बोटभर लांबीचा एक पितळी तुकडा, सिलिंडरमध्ये अलगद सरकावा आणि तरी बाजूनं वाफ निसटू नये, एवढ्याच मापाचा.

तो झाला नाही. बाहेरचं टोक सिलिंडरमध्ये छान शिरायचं, चकाकडचं टोक अडून बसायचं. माप घ्यायचा व्हर्नियर लावला तर एका टोकापेक्षा दुसरं टोक चार रेघांनी जाड. एक रेघ म्हणजे केसाहून बारीक, पण इंजिनाला तेवढंही चालत नाही. मी दुसरा केला. तोही निमुळता. तिसरा सकाळी, हात ताजा असताना केला. निमुळता. चौथ्याच्या आधी चहा घेतला नाही, कारण चहानं हात जास्त कापतो असं वाटायचं. निमुळता.

लेथवर टूल बाहेरच्या टोकाकडून चकाकडे न्यायचं असतं, हातानं हँडल फिरवत. मी त्यावरून सरळ अर्थ लावला. सुरुवातीला हात स्थिर असतो, पुढे थकतो, कापतो, टूल मागे येतं आणि तिथलं पितळ कापलं जात नाही. म्हणून चकाकडचं टोक जाड. हा माझा हात आहे. हा आईचा हात आहे. जाड टोक कानशीनं घासून कुणालाही न कळता बसवता आलं असतं. पण मला नुसतं इंजिन नको होतं, हाताचा निकाल हवा होता, आणि त्यात लबाडी करून काय मिळणार होतं?

जुन्या सवयीनं मी प्रत्येक पिस्टनची मापं वहीत लिहीत होते. तारीख, वेळ, दोन्ही टोकं, फरक. तीन आठवड्यांत सात झाले. सातही मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकले. सातवा टाकला त्या दिवशी शेडमध्ये पेटीवर बसून मी मनसोक्त रडले. मग सौसरला मिस्त्रीला फोन केला.

"लेथ परत घेऊन जा मिस्त्रीभाऊ. माझ्याच्यानं नाही होत."

"परत तं मी घेत नाही," तो म्हणाला. "पण परवा पांढुर्ण्याले साळ्याकडं यायचंच हाये. पाहून घेतो, काय बिघडलं तं."

तो आला. हे शेडमध्येच होते, पेट्यांची डागडुजी करत. मिस्त्रीनं बरणी उपडी केली, सात पिस्टन रांगेत उभे केले आणि एकेक बोटांत फिरवून पाहिला.

"काम तं साफ हाये," तो म्हणाला. "मंग परत काहून देऊन राहिल्या?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते पाठमोरे होते. इतके दिवस जे घरात बोलले नव्हते ते मी एका परक्या माणसापुढे बोलून टाकलं. "माझा हात कापते मिस्त्रीभाऊ. शेवटापर्यंत टूल सांभाळत नाही. पिस्टन निमुळते होऊन राहिले." हातोडीचा आवाज थांबला, पण ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मिस्त्रीनं माझी वही घेतली. चष्मा लावून सातही ओळी बोट फिरवत वाचल्या. परत वरून वाचल्या.

"हे सगळे एका दिवशी केले का?"

"नाही. तीन आठवडे लागले."

"सकाळचा कोणता? संध्याकाळचा कोणता?"

मी वेळा दाखवल्या. त्यानं वही मिटली.

"मॅडम, माह्या बापाचा हात कापे. माहाही आता कापते. हात चुकला तं दर वेळी येगळा चुकते. कधी दोन रेघा, कधी सहा, कधी इकडं, कधी तिकडं. इथं तं सातही वेळा चारच. हात असा इमानदारीनं नाही चुकत."

ती मला चपराक होती. दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला मी मुलांना हेच तर शिकवायची! रीडिंग कधी कमी, कधी जास्त येत असेल तर ती घेणाऱ्याच्या हाताची किंवा डोळ्याची चूक. पण दर वेळी एकाच बाजूला आणि तेवढंच चुकत असेल, तर स्वतःला दोष देत बसू नका, आधी उपकरण तपासा. दोन्ही त्रुटींची नावं मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची आणि पाठ करून घ्यायची. आणि माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात, सात वेळा चार रेघा लिहिलेलं होतं, तरी मी आईच्या नावावर निकाल लावून मोकळी झाले होते. भीतीपुढे बत्तीस वर्षांची मास्तरकी कुठे पळाली कोण जाणे.

मिस्त्री लोट्यातलं पाणी प्यायला आणि उरलेलं त्यानं सवयीनं फरशीवर भिरकावलं. पाणी क्षणभर थांबलं, मग आपणहून निघालं आणि लेथच्या पायांमधून जात भिंतीकडच्या नालीत उतरलं. तो पाहतच राहिला.

"इथं संत्रे धुता का तुम्ही?"

"हो, मंग?" हे पहिल्यांदाच बोलले.

"म्हणून फरशीले ढाळ हाये."

ढाळ होताच. पाणी साचू नये म्हणून आम्हीच गवंड्याकडून मुद्दाम काढून घेतला होता. त्या उतारावर रोज चालून चालून तो आम्हाला दिसेनासा झाला होता. मिस्त्रीनं वाकून फळ्यांचे तुकडे पाहिले. ते कडेनं दबून चिरडले होते. मग त्यानं नट पाहिले.

"हे कोणं आवळलं?"

"मी," हे जरा अभिमानानंच म्हणाले.

"मोटारपंप समजले का भाऊ?"

ह्यांनी जन्मभर मोटारपंपच तर बसवले होते. विहिरीवरचा पंप थरथरतो, म्हणून तो जितका आवळाल तितका चांगला. लेथचं तसं नाही, हे मिस्त्रीनं आम्हाला समजावलं. त्याची लांब पाठ आधी कुठल्याही ओढीशिवाय सरळ टेकली पाहिजे. खालची जागा वाकडी असली आणि तुम्ही पाय ओढून जबरदस्तीनं तिला टेकवले, की लोखंडाच्या पाठीलाही पीळ बसतो. डोळ्याला दिसत नाही, पण टूल त्या पिळावरूनच चालतं. मग तुकडा निमुळता होणारच, कुणाचाही हात असो.

त्यानं पिशवीतून पाणसळ काढली आणि लेथच्या पाठीवर आडवी ठेवली. चकाकडे बुडबुडा मधोमध होता. दुसऱ्या टोकाला नेली तर तो बाजूला जाऊन चिकटला. मग त्यानं कोपऱ्यातला नट सोडवला. शेवटच्या फेऱ्याला कट् असा आवाज झाला आणि तो पाय फरशीवरून उठला. खाली दोन पोस्टकार्डं सरकतील एवढी फट होती. आम्ही तिघंही त्या फटीकडे पाहत राहिलो. मी खाली बसून तिच्यात नख घालून पाहिलं.

फळ्या काढून त्यानं पत्र्याचे तुकडे घातले, पाणसळ पाहत पाहत एकेक वाढवले आणि नट नुसते हातापुरते आवळले. दुपार झाली. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, "चला, करा आठवा."

"तुम्हीच करा ना."

"मी केला तं तुम्हाले काय समजणार?"

त्या दिवशी माझा हात जितका कापला तितका आधी कधी कापला नव्हता. दोन माणसं पाहत होती आणि हँडलवर बोटं नुसती नाचत होती. मी ती तशीच नाचू दिली आणि टूल चकापर्यंत नेलं. तुकडा काढला, पुसला, व्हर्नियर लावला. एक टोक पाहिलं. दुसरं पाहिलं. पुन्हा पहिलं पाहिलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे रेघा दिसेनात, म्हणून व्हर्नियर मिस्त्रीच्या हातात दिला.

"सारखं," तो म्हणाला. "रेघेले रेघ."

माझा जीव भांड्यात पडला. तेलानं भरलेल्या हातांनीच मी तोंड पुसलं आणि काळी झाले. पिस्टन सिलिंडरमध्ये घातला, वरून बोट ठेवून सोडलं, तर तो हवेवर तरंगत सावकाश खाली गेला. मिस्त्रीनं मान डोलावली, जेवून जायचा आग्रह मोडला आणि साळ्याकडे निघून गेला.

संध्याकाळी आम्ही दोघं शेडच्या पायरीवर बसलो होतो. हे तो पाना हातात फिरवत होते. मला वाटलं, नटांचं मनाला लावून घेतलं असेल. म्हणून म्हटलं, "जाऊ द्या. तुम्हाले काय माहीत, लेथ असा नाजूक असते म्हणून."

"तसं नाही," ते म्हणाले. "तुहा हात कापते, हे मले दिवाळीपासून ठाऊक होतं. पणत्यांत तेल सोडताना पाहिलं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू नाही बोलली, म्हणून मी बी नाही बोललो." मग फरशीकडे पाहत म्हणाले, "लेथ बसवून राहिलो तवा मनात आलं, हिचा हात हलते, निदान मशीन तं हलाले नाही पाहिजे. म्हणून पाइप लावून आवळलं."

मला हसूही आलं आणि रडूही. माझ्या सातही पिस्टनांची वाट लावली होती ती ह्या माणसाच्या काळजीनं. मी त्यांच्या पाठीत एक धपका घातला. आणि म्हटलं, आता गाडी काढा, नागपूरला जाऊ. एका भीतीखाली एवढा ढाळ निघू शकतो, तर दुसरीच्याही खाली वाकून पाहायला हवं होतं.

डॉक्टरनं मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, हात मांडीवर सोडून बसवलं, भरलेला पेला धरायला दिला आणि कागदावर गोल गोल जिलबी काढायला सांगितली. माझी जिलबी थरथरली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"आईचा हात केव्हा हलायचा? काम करताना, की नुसता ठेवलेला असताना?"

"नुसता ठेवलेला असताना."

"आणि तुमचा?"

मी खाली माझ्या हाताकडे पाहिलं. माझा हात मांडीवर कधीच हलला नव्हता. खडू धरला, पणती धरली, हँडल धरलं की हलायचा. दोन वर्षं मी दोन वेगळ्या गोष्टींना एक समजत होते.

डॉक्टर म्हणाले, हा कंपवात नाही. हा वेगळा कंप आहे, पुष्कळांना असतो, वयाप्रमाणे थोडा वाढेल, त्रास झाला तर गोळी आहे. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. हे बाहेरच्या बाकावर बसले होते. मी दारातूनच मान हलवून "नाही" म्हटलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

निघताना डॉक्टरनं विचारलं, "हा कंप घरात एकापेक्षा जास्त जणांना असतो. भावाबहिणींपैकी कुणाला आहे का?"

"नाही," मी लगेच म्हणाले.

अर्धी वाट मागे पडेपर्यंत मी खिडकीतून संत्र्याच्या बागा पाहत नुसती हसत होते. मग एकदम मनात आलं, मला परवापर्यंत कुणी माझ्या हाताचं विचारलं असतं, तर मीही "नाही"च म्हणाले असते. लगेच. मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मोहगावला बहिणीला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"काय वं, तुहे हात कापते का?"

पलीकडून बारीक आवाज आला, "तुले कोणं सांगतलं, ताई?"

तिला तीन वर्षं झाली होती. लग्नात, हळदीकुंकवात ती हात पदराखाली घेऊन बसायची. चहा नको म्हणायची, पित्त होतं म्हणून. तिनंही आईला भरवलं होतं, त्यामुळे तिलाही काही विचारायचं उरलं नव्हतं. आम्ही दोघी आठवड्यातून दोनदा फोनवर बोलायचो आणि एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी तिला म्हटलं, तुझं काय आहे ते मी सांगू शकत नाही, ते डॉक्टर सांगतील, पण तू उद्याच्या उद्या निघ.

तिची जिलबी माझ्याहून जास्त थरथरली. डॉक्टरनं तेच प्रश्न विचारले आणि तेच उत्तर दिलं. तपासणीच्या खोलीबाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी पोरींले सांगून ठेवलं होतं, मले भरवायचं काम सुनेवर टाकू नका म्हणून." मी तिला धरलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, यांचं कुणीतरी गेलं.

तिला मी तशीच पांढुर्ण्याला घेऊन आले. इंजिन पट्टीवर बसवून तयार होतं. पंक्चरवाल्याच्या हवेवर मी ते एकदा फिरवून पाहिलं होतं, वाफ अजून दिली नव्हती. बॉयलर स्वतः बनवायचा नाही, हे मिस्त्रीनं बजावलं होतं, म्हणून घरातला कुकर घेतला. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावला नाही, फक्त शिट्टीच्या जागी बारीक नळी बसवली. तरीही हे दाराबाहेर जाऊन उभे राहिले आणि तिथून सूचना देत राहिले.

नळीतून वाफ फुसफुसायला लागली. इंजिन शहारलं, गरम पाण्याचे दोन थेंब थुंकलं आणि थांबलं. या इंजिनाला पहिला झटका बोटानं द्यावा लागतो. मी बहिणीला पुढे केलं. ती म्हणाली, "माहा हात पाहून राहिली ना तू?" मी म्हटलं, पाहून राहिली, म्हणूनच तं सांगून राहिली. तिनं थरथरत्या बोटानं चाक ढकललं. एकदा अडकलं. दुसऱ्यांदा ढकललं आणि सिलिंडर डुलायला लागला, पिस्टन आतबाहेर धावायला लागला, चाकाच्या आऱ्या दिसेनाशा झाल्या. जे बत्तीस वर्षं फळ्यावर काढलं ते माझ्यासमोर टकटकत होतं. मला तेव्हा आनंद झाला तो मी लपवला नाही, चांगली ओरडले.

कुकरमधलं पाणी आटत आलं तशी मी शेगडी बंद केली आणि चाक हळूहळू थांबलं. तेवढ्यात जाऊ चहा घेऊन आली. बहिणीनं कप उजव्या हातानं उचलला. बशीत थोडा सांडला. तिनं तो सगळ्यांसमोर सांडू दिला, उरलेला संपवला आणि दुसरा कप मागितला.